जिना, टेकू आणि वर्षाची चटणी

पहाटे 5.45

आमच्या गल्लीत नळाला पाणी साडेपाचला येतं, त्यामुळे गजर लावायची वेळ कुणावर येत नाही. मोटर चालू केली, दूध गॅसवर ठेवलं, की ओट्याशी उभी राहूनच फोनमधलं गूगल कीप, म्हणजे माझं नोंदींचं ॲप, उघडते. व्हॉट्सॲप त्यानंतर. ते आधी उघडलं तर साईटच्या ग्रुपवरचे फोटो, नातेवाइकांचे सुविचार आणि कुणाचं तरी 'मॅडम सिमेंट संपलं' यातच दूध उतू जातं.

वर टाचून ठेवलेल्या नोंदी तीनच. 'आज', 'घर : आणायचं' आणि शनिवार म्हणून 'पगार'. 'आज' काल रात्री लिहिलेली असते. सकाळी मी तिच्यात भर घालत नाही, नुसती वाचते. आजची अशी:

गोडोली, जिना : पायऱ्यांची उंची बघणे.
गोडोली, टेकू : सेंट्रिंगवाल्याला नाही म्हणणे.
वाढे फाटा, सळई : 11 पर्यंत येणार.
मालक 4.30, खिडकी.
आई, बीपीची गोळी संपत आली.
पगार.

साताऱ्यात मी लहान बांधकामं घेते. कुणाचा वरचा मजला चढवायचा, कुणाची गळती काढायची, वर्षाकाठी एखाददुसरा बंगला. हाताखाली सुपरवायझर नाही. हिशेब, माल, मजूर, मालक आणि घर, सगळं एकाच डोक्यात आणि एकाच फोनमध्ये असतं. डोक्याला झोप लागते, म्हणून फोन.

6.40

डबे. पोळ्या लाटताना 'मीठ संपलं' असं सासूबाई म्हणाल्या की ते यादीत जायला मला हात पुसावे लागत नाहीत. 'घर : आणायचं' ही नोंद नवरा, मी आणि सासूबाई यांच्यात सामाईक आहे. सासूबाई माइकचं बटण दाबून बोलतात, शब्द उमटतो. कधी मिठाचं 'मीत' होतं, पण दुकानात तेवढं कळतं.

महिन्याच्या किराण्याची यादी दर महिन्याला नव्याने लिहिणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, धुण्याची पावडर यात बदलतं काय? यादी एकच आहे. सामान आलं की खुणा होतात, खूण झालेल्या ओळी तळाला जातात. एक तारखेला सगळ्या खुणा एकदम काढायच्या आणि डबे उघडून बघत, जे घरात आहे त्यावर पुन्हा खूण करत जायचं. उरेल ते आणायचं. नवऱ्याला बँकेतून येताना दुकानासमोरून फोन करावा लागत नाही, हा माझ्या मते या ॲपचा संसारावरचा सगळ्यात मोठा उपकार.

8.20

गोडोलीचं घर जुनं, वर मजला चढवतोय. जिन्याच्या पायऱ्या चालू आहेत. गवंडीमामांनी तीन पायऱ्या बांधून ठेवल्या होत्या.

"सात इंचाचाच राइझर ठिवलाय मॅडम. कशाला बघताय?"

टेप लावला. पहिल्या दोन बरोबर. तिसरी सात इंच तीन सूत.

आता 'बरोबर' म्हणजे किती, हे ज्या नोंदीत आहे ती काम सुरू होतानाची. मी शोधात 'जिना' टाकलं आणि ती वर आली: 'जिना : गोडोली. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 10 फूट 2 इंच. 17 राइझर. प्रत्येकी 7 इंच दीड सूत.' एकशे बावीस भागिले सतरा, तेवढंच गणित. पण सरसकट सात इंच धरून चढत गेलं तर सगळा राहिलेला फरक शेवटच्या पायरीवर येऊन बसतो आणि त्या पायरीला घरातला प्रत्येक माणूस आयुष्यभर ठेचकाळतो. निवासी जिन्याला राष्ट्रीय बांधकाम संहितेत राइझर जास्तीत जास्त 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच चालतो. तसं पाहिलं तर तिसरी पायरीही मर्यादेत बसते. पाय मात्र संहिता वाचत नाही, त्याला मागच्या पायरीसारखीच पुढची लागते.

मामांनी नोंद वाचली नाही, टेप पुन्हा स्वतः लावला. मग म्हणाले, "दीड सूत. आलं ध्यानात," आणि थापीनं वरचा थर खरवडायला बसले.

ही नोंद एका दमात सापडते त्याला कारण आहे. ॲपला अक्षरं जुळवता येतात, मराठीचं व्याकरण येत नाही. 'भिंत' शोधलं तर 'भिंतीला' सापडतं, कारण सुरुवात तीच राहते. 'जिना' शोधलं तर 'जिन्याच्या पायऱ्या' ही नोंद काही केल्या वर येत नाही. खिडकीच्या खिडक्या झाल्या, पाण्याची टाकी आली, की मूळ शब्द विरघळतो. बांधकामात तर निम्मे शब्द असे: जिना, पत्रा, ओटा, नळी, मोरी. म्हणून माझी प्रत्येक नोंद एका उघड्या शब्दाने सुरू होते. प्रत्यय नाही, अनेकवचन नाही, पुढे अपूर्णविराम. 'जिना :', 'पत्रा :', 'मोरी :'. त्यानंतर वाक्य हवं तसं वळवा.

आकड्यांचंही तेच. फोनचा मराठी कीबोर्ड १२ लिहितो, ऑफिसातला 12, आणि शोधताना ते एकमेकांना ओळखतीलच याचा भरवसा नाही. मी सगळीकडे दुसरा ठेवला. कुठलाही ठेवा, एकच ठेवा.

9.30

स्लॅबवर आळी करून पाणी भरलेलं आहे. पीपीसी सिमेंट आहे, म्हणजे निदान दहा दिवस ओलं राहायला हवं. आज आठवा. तेवढ्यात सेंट्रिंगवाले आले, ज्यांच्यासाठी मी सकाळपासून तयारी करत होते.

"मॅडम, आठ दिवस झालं की. टेकू सोडतो. तिकडं दुसऱ्या कामावर माल अडकलाय माझा."

त्यांचं चुकत नाही. त्यांच्या प्लेटा आणि टेकू जितके दिवस माझ्या स्लॅबखाली, तितके दिवस दुसरीकडचं भाडं बुडतं. तोंडी वाद घातला तर तो 'तुमचं म्हणणं, आमचं म्हणणं' असा तासभर चालतो. मी नोंद उघडून फोन त्यांच्याकडे केला.

'स्लॅब : गोडोली, पहिला मजला. टाकला शुक्रवार 6 फेब्रुवारी. 22 × 16 फूट, जाडी 5 इंच. एम 20, पीपीसी, 34 पोती. क्यूब 6. 7 दिवसांचे तीन 13 ला, 28 दिवसांचे तीन 6 मार्चला. टेकू 23 पर्यंत हलवायचे नाहीत. कारण : 16 फूट म्हणजे 4.88 मीटर, साडेचारच्या वर, म्हणून 14 दिवस. शिवाय पीपीसी आणि थंडी, म्हणून तीन जास्त.'

आयएस 456:2000 मध्ये स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकूंना सात दिवस आणि त्यापुढे चौदा दिवस सांगितले आहेत. तेही साध्या सिमेंटचा हिशेब धरून. सेंट्रिंगवाल्यांना 'सात' पाठ असतो, कारण साताऱ्यातल्या बहुतेक खोल्या दहा-बारा फुटांच्या. इथली बैठकीची खोली सोळा फुटांची.

नोंदीत नुसती तारीख असती तर तो माझा हट्ट दिसला असता. 'कारण :' ही ओळ मी सहसा सोडत नाही. निर्णय लिहायला पाच सेकंद लागतात आणि कारण लिहायला पंधरा, पण महिन्याभराने निर्णय आठवतो आणि कारण नेमकं विसरलेलं असतं. मग आपणच आपला निर्णय मोडतो.

"सोळा फुटी हाय व्हय," ते म्हणाले. मान हलवली. मग तोडगा निघाला. बीमच्या बाजूच्या उभ्या प्लेटा आज सोडायला काहीच हरकत नव्हती, तेवढ्या ते टेम्पोत घालून घेऊन गेले. 23 ला सकाळी नऊला माझ्या फोनमध्ये घंटा वाजेल ती त्यांना फोन करायची. त्यांचा फोन यायच्या आधी माझा गेला की पुढच्या कामाला टेकू वेळेवर मिळतात.

11.10

वाढे फाटा. सळईची गाडी आली. काट्याची पावती आधी, बोलणं नंतर.

पावतीचा फोटो काढला, नोंदीला जोडला. 'सळई :' नावाची एक जुनी नोंद आहे, तिच्यात फक्त हे: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किलो. 8 मिमी 0.395, 10 मिमी 0.617, 12 मिमी 0.889. बारा मीटर लांबीची 12 मिमीची सळई 10.67 किलो. सूत्र पाठ आहे, तरी नोंद ठेवली आहे, कारण गाडीवाला हॉर्न वाजवत असताना पाठ असलेल्या गोष्टी आठवत नाहीत.

सळया मोजल्या, गुणाकार केला, पावतीशी ताडला. 12 मिमीच्या सळईत कारखान्याच्या वजनात पाच टक्क्यांपर्यंत कमीजास्त होऊ शकतं, तेवढं सोडून द्यायचं. आज फरक त्याच्या आत होता. एका पुरवठादाराकडे मात्र तो दर खेपेला त्याच्याच बाजूला झुकायचा. एकेका पावतीवर भांडता येत नाही. पण सगळ्या पावत्या 'काटा :' या एका नोंदीत एकाखाली एक असल्यामुळे तो कल डोळ्यांना दिसला. काही बोलले नाही, दुकान बदललं.

1.00

डबा, लिंबाच्या झाडाखाली. जेवण झाल्यावर उरलेली मोजमापं बोलून लिहिते.

मराठीत बोलून लिहायची सोय गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये दिली. साईटवर सिमेंटचे हात असताना तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, मात्र शेजारी मिक्सर चालू असेल तर तिच्याइतकं घातकही नाही. 'साडेतीन सूत'चं 'साडेतीन सुट' होतं, ते परवडलं. 'सव्वानऊ'चं 'नऊ' झालं तर खिडकीची चौकट अडकते. म्हणून बोलून झालं की जागेवरून हलायच्या आधी एकदा वाचायचं, आकडा डोळ्यांनी बघायचा.

आकडा बदलला तर खोडायचा नाही, ही शिस्त वडलांची. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. खात्यात मोजमापाची पुस्तिका असते, सगळे तिला एमबी म्हणतात. तिची पानं आधीच क्रमांक घालून आलेली, एकही फाडायचं नाही. चुकलेला आकडा खरवडायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. जुना आकडाही वाचता आला पाहिजे, कारण बिल त्या आकड्यावर निघालेलं असू शकतं. वडील घरच्या दुधाच्या हिशेबातही तसंच करायचे, आई वैतागायची.

फोनमध्ये आकड्यावर आकडा लिहिला की जुना समोरून गेलाच. म्हणून मोजमापाच्या नोंदीत मी बदल करत नाही, खाली तारीख टाकून नवी ओळ लिहिते: '14 फेब्रु. : मोरीची भिंत 4 फूट 2 नाही, 4 फूट 5. कारण : नळ आतून नेला.' नोंद लांबते. लांबू दे.

2.30

ऑफिस म्हणजे पोवई नाक्याजवळची एक खोली, टेबल आणि पंखा. इथे अर्धा तास आठवड्याची आवराआवर.

कीप हा माझा ओटा आहे, कायमचं फडताळ वननोटमध्ये. ओट्यावर सगळं येतं, पण तिथे साठवायचं नसतं. वननोटमध्ये प्रत्येक साईटची एक वही आणि वहीत पाच भाग: परवानगी, मोजमाप, माल, बिलं, ठरलेलं. कीपमधल्या या आठवड्याच्या नोंदी ज्या त्या भागात हलवल्या. पुरवठादारांची छापील बिलं फोटोतूनही शोधता येतात, त्यातले इंग्रजी शब्द वननोट वाचतं. मुकादमाच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीकडून ती अपेक्षा धरू नये, मलाही ती दोनदा वाचावी लागते. तिच्या फोटोखाली एक ओळ मीच टाइप करते.

हलवून झालं की कीपमधून नोंद काढून टाकते. कचऱ्यात ती सात दिवस राहते, मग कायमची जाते, हे ठाऊक असलेलं बरं. ज्याचा पुढे उपयोग होईलसं वाटतं पण होणार नाही हेही कळतं, अशा नोंदी सगळ्यात जास्त असतात. टाइल्सच्या दुकानातल्या छटांचे फोटो, कुणी पाठवलेला वॉटरप्रूफिंगचा व्हिडिओ. त्या जाताना मला काही वाटत नाही.

कुठलं ॲप घ्यावं, असं ओळखीतली मुलं विचारतात, मला त्यात फार रस नाही. विचारायचा प्रश्न एकच: उद्या इथून निघायचं ठरवलं तर माझ्या नोंदी बरोबर येतील का? एव्हरनोट 2008 पासूनचं, अनेकांनी त्यात वर्षानुवर्षांचं साठवलेलं. डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी फुकट वापरणाऱ्यांना 50 नोंदींची मर्यादा घातली. जुन्या नोंदी वाचता येत होत्या, पण नवी लिहायची तर पैसे भरा किंवा जुन्या काढा. धंदा आहे, त्यांनी काय करावं हे आपण सांगणार नाही. आपण इतकंच करायचं की वर्षातून एकदा सगळं उतरवून घ्यायचं. गूगलचं टेकआउट आहे, त्यातून कीपचं सगळं बाहेर येतं. मी ते दसऱ्याला करते. आमच्याकडे त्या दिवशी टेप, ओळंबा आणि थापी पाटावर मांडतात, त्यांच्याशेजारी एक पेनड्राइव्हही असतो.

4.30

मालक आणि मालकीणबाई, गोडोली. विषय खिडकी.

घर बांधणारे मालक नोंदी ठेवत नाहीत, ते आठवणी ठेवतात. प्रत्येकाची आठवण वेगळी. काकांना दक्षिणेची खिडकी चार फुटांची ठरल्याचं आठवत होतं, काकूंना पाच. मी 'ठरलं :' या शब्दाने शोधलं. 'ठरलं : 17 जानेवारी. दक्षिण खिडकी 5 × 4 फूट. तीन ट्रॅक, मच्छरजाळी. काकू म्हणाल्या अजिंक्यतारा दिसला पाहिजे.'

काकूंनी काकांकडे बघितलं.

मालकांसमोर असताना मी एक करते. बैठक संपताना नोंद मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यांच्यादेखत त्यांना पाठवते. वाचताना हमखास कुणीतरी अडवतं, "तसं नाही, ग्रॅनाइट फक्त आतल्या बाजूला." ते तिथेच दुरुस्त होतं. फोनवर झालेल्या बोलण्याचंही तसंच, ठेवल्या ठेवल्या दोन ओळी. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की आपल्यालाही आठवणीच राहतात.

6.00

पगार.

इथे ॲप मागे, कागद पुढे. हजेरीची वही कागदाचीच आहे आणि राहणार. माणूस स्वतःच्या नावापुढचे खाडे स्वतः बघतो, बोट ठेवतो, सही किंवा अंगठा करतो. माझ्या फोनमधल्या आकड्यावर त्याने विश्वास का ठेवावा? फोन माझा आहे.

फोनमध्ये फक्त उचल. बुधवारी संध्याकाळी दुसऱ्याच साईटवर कुणी म्हणतं, "मॅडम, पाचशे द्या, पोरगी आजारी हाय." वही त्या वेळी जवळ नसते. पैसे देतानाच त्याच्यासमोर बोलते, 'उचल : अमुक, बुधवार, पाचशे', आणि त्याला ऐकू जातं. शनिवारी वहीत चढवायचं. आज एकाला आठवत होते पाचशे, नोंदीत सातशे. त्याने थोडा वेळ आठवलं, मग शेजारचाच म्हणाला, "आरं, चप्पल घेतलीस की नंतर दोनशेची." हसणं झालं, सातशे कापले.

वही नीट असायला आणखी एक कारण आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मी देते, आणि वहीकडे बघूनच देते. त्यासाठी मजूर आपल्या आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. ते अर्जाला जोडून झाले की फोनमधून काढते. कुणाचाही आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, माझा स्वतःचा पिन, यांतलं काहीही नोंदींच्या ॲपमध्ये नसतं. ज्या ॲपमधली यादी तिघे उघडतात आणि जो फोन लेक गेमसाठी मागते, ती जागा त्यासाठी नव्हे.

8.15

जेवणं झाली. सासूबाईंची गोळी आणली. त्यांच्या 'आई : औषध' या नोंदीत पाकिटाचा फोटो आहे, नाव आणि मिलिग्रॅमसकट. दुकानात ते दाखवते, 'ती गुलाबी गोळी' सांगत बसत नाही. खाली पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. दवाखान्यात त्यांना सगळं 'बरंय' वाटतं, पायाला येणारी सूज घरी आल्यावर आठवते. म्हणून सूज दिसली त्या दिवशीच तिथे लिहिली.

पण आजचा मोठा विषय चटणी. नवी मिरची बाजारात यायला लागली, की वर्षाची चटणी करायचे बेत सुरू होतात. सासूबाईंचं प्रमाण त्यांच्या हातात आहे, कागदावर कधीच नव्हतं. यंदा ते उतरवून घ्यायचं असं मी दिवाळीपासून म्हणतेय.

"लिही. संकेश्वरी एक किलो. बेडगी अर्धा, रंगाला. धणे पाव किलो. खोबरं पाव. तीळ एक वाटी."

"कुठली वाटी?"

"वाटी गं. आपली."

आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. त्यांनी मांडणीवरून एक काढली, कडेला पोचा आलेली, त्यांच्या सासूबाईंची. मी ती पाण्याने भरली आणि लेकीच्या औषधाच्या मापाने मोजली. 180 मिली. फोटो काढला, नोंदीत घातला. 'चटणी : वर्षाची. वाटी = फोटोतली, 180 मिली.' मग खसखस, मग दगडफूल 'चिमटीभर, तुझ्या नाही, माझ्या', मग कांदा, लसूण. मसाले कोणत्या क्रमाने परतायचे हे त्या सांगत होत्या तेव्हा मी टाइप करणं सोडलं आणि आवाज तसाच रेकॉर्ड केला. 'वास यायला लागला की लगेच काढ, वास आल्यावर नाही' हे टाइप करून काही उपयोग नव्हता.

मग त्यांनी कपाटातून आहेराची वही काढली. कुणाच्या लग्नात आपण काय दिलं, त्यांनी काय दिलं, चाळीसेक वर्षांचं. भाऊबंदकीत परतफेड कमी पडली तर बोलणी बसतात, त्यामुळे ही वही घरातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तिची शाई उडायला लागली आहे. पानांचे फोटो काढायचं काम लेकीला दिलंय, रोज पाच पानं. ती प्रत्येक फोटोखाली आडनाव आणि गाव टाइप करते. आज तिने विचारलं, "आजी, 'स्टीलची कळशी, भरल्या हाताने' म्हणजे?" त्यावर अर्धा तास गेला आणि पानं दोनच झाली.

9.50

उद्या रविवार, साईट बंद. तरी 'आज' कोरी करून उद्याच्या दोन ओळी लिहिल्या. राहिलेली एकही नव्हती, असं शनिवारी सहसा होत नाही.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज. "इन्व्हर्टर टुकटुक करतोय. बॅटरीत पाणी कधी घातलं होतं?"

"कीपमध्ये बघ."

"बघितलं. नाहीये."

आहे, मला माहीत होतं. जाऊन बघितलं तर तो 'इन्वर्टर' शोधत होता. मी लिहिलंय 'इन्व्हर्टर'. त्याच्या बँकेच्या कागदांत पहिलं, माझ्या इलेक्ट्रिशियनच्या बिलात दुसरं, आणि दोघांचंही म्हणणं आपलंच बरोबर. मी नोंद उघडली आणि तळाला दोन शब्द जोडले: इन्वर्टर, बॅटरी.

"आता शोध."

सापडलं. ऑक्टोबरमध्ये घातलं होतं, पुढचं जानेवारीत घालायचं होतं. नोंद सामाईक होती, घंटाही त्याच्याच फोनवर लावलेली. तो काही बोलला नाही. 'घर : आणायचं' मध्ये 'डिस्टिल्ड वॉटर, 5 लिटर' अशी ओळ वाढलेली मला माझ्या फोनवर दिसली, आणि तिच्यापुढे त्याने स्वतःचंच नाव घातलं होतं.